निळ्या १२३ चं मॉडेल: जुनं ट्राय-अँग घ्यावं की दुसरंच काही?

किन्नरी_पार्टिक

नमस्कार मंडळी,

मला मॉडेल रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी ग्लासगोत राहते. रिव्हरसाइड म्युझियम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पावसाच्या रविवारी (म्हणजे जवळपास सगळ्याच रविवारी) पावलं आपोआप तिकडे वळतात. तिथल्या कॅलेडोनियन रेल्वेच्या १२३ नंबरच्या निळ्या इंजिनानं मला पार वेड लावलंय. चालक चाकांची एकच जोडी, तीही माझ्या डोक्याच्या वर जाणारी! बाकीची इंजिनं दणकट दिसतात, हे देखणं दिसतं.

तर त्याचं छोटं मॉडेल हवंय. नुसतं काचेच्या कपाटात नको, थोडं पुढेमागे चालवायचंय. खिडकीखाली पाच फूट लांब, एक फूट रुंद फळी बसेल, त्यापेक्षा इंचभरही जागा नाही. एका सेकंडहँड विक्रेत्याकडे साठच्या दशकातलं ट्राय-अँगचं (जुनी मॉडेल रेल्वे कंपनी) १२३ पाहिलंय, खोक्यासकट. घेऊ का? की आताच्या काळातलं काही चांगलं मिळतं? बजेट शे-दोनशे पौंड, रूळ वगैरे वेगळे. सोल्डरिंग कधी केलेलं नाही, पण शिकायची तयारी आहे.

बफरस्टॉप

सुरुवातच आहे तर हॉर्नबीचा स्मोकी जो घेऊन टाक. छोटंसं ०-४-० (पुढची, चालक आणि मागची चाकं या क्रमानं मोजलेली) पग, म्हणजे ठेंगणं इंजिन, नंबर ५६०२५, मूळ कॅलेडोनियनच्याच पग इंजिनांवर बेतलेलं, म्हणजे स्कॉटिश तर झालंच. सेकंडहँड बाजारात ढिगानं पडलेत. बिघडलं तरी जीव हळहळत नाही. निळं नाही, तेवढं चालवून घे.

थॉर्नटन_शेड

किन्नरी, घेण्याआधी विचारलंस हे उत्तम. इथे बहुतेक जण घेऊन झाल्यावर विचारतात.

पहिल्यांदा १२३ बद्दल. हे इंजिन ग्लासगोच्याच नीलसन कंपनीनं १८८६ साली एडिंबराच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलं. अगदी एकुलतं एक, त्याला भावंडं नाहीत. पुढे चार लहान चाकं, मध्ये ७ फुटी चालक चाकांची जोडी, मागे पुन्हा दोन लहान, म्हणून ४-२-२. १८८८ च्या ऑगस्टमध्ये लंडन ते एडिंबरा कोण आधी पोहोचतं यावरून पूर्व किनाऱ्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या कंपन्यांची जुंपली. तेव्हा कार्लाइल ते एडिंबरा हे शंभर मैल यानं गाडी ओढली, बीटॉकचा दहा मैलांचा चढ धरून, दोन तासांच्या आत. गाडी मात्र हलकी होती, मोजक्या डब्यांची.

ते 'हलकी' लक्षात ठेव, कारण मॉडेलमध्ये नेमकं तेच आडवं येतं. ओओत (म्हणजे खऱ्याच्या साधारण १/७६ मापात) एक फूट म्हणजे ४ मिमी, तेव्हा ७ फुटी चाक होतं २८ मिमीचं. दिसायला बहारदार. पण रुळाला धरून ढकलणारी चाकं दोनच, आणि इंजिनाचं निम्म्याहून जास्त वजन बाकीच्या सहा चाकांवर वाटलं गेलेलं. दोन-तीन डबे लावले की चाक जागच्या जागी भिरभिरतं. खऱ्या सिंगल इंजिनांनाही हाच रोग होता. चाकापुढे वाळू फुंकायची सोय आली तेव्हा कुठे त्यांना पुन्हा काही वर्षं भाव आला. आपल्याला वाळू फुंकता येत नाही, म्हणून जुने जाणते एक युक्ती करतात: टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या) पुढच्या टोकाचा भार इंजिनाच्या मागच्या टोकावर टेकवायचा. टेंडरमध्ये शिसं भरायचं, त्याच्या पुढच्या चाकांना किंचित वर-खाली व्हायला मोकळीक द्यायची, आणि जोडदांडा असा बसवायचा की ते वजन चालक चाकांच्या मागच्या बाजूला दाबेल. नीट जमलं तर ओढ चांगलीच वाढते. पण हे काम पहिल्याच इंजिनावर करू नये.

आता ट्राय-अँगचं. साठच्या दशकात निघालं, पुढे हॉर्नबीनंही त्याच साच्यातून काढलं. त्या काळाच्या मानानं ठेवण सुरेख आहे, मला तर आजही त्याची बाजूनं दिसणारी रेषा आवडते. अडचण चाकांच्या कडांची. जुन्या ट्राय-अँगच्या कडा खोल असतात. पेको कंपनीचे कोड ७५ चे बारीक रूळ घातलेस तर त्या कडा खालच्या चेअरवर (रूळ धरणाऱ्या खाचांवर) टकटक आपटत जातात, आणि सांध्यांवर (रूळ फुटतात तिथे) तर नाचच. कोड १०० च्या जाड रुळांवर त्यातल्या त्यात बरं. शिवाय जुन्या मोटरीचा एक ब्रश थेट चासीला जोडलेला असतो. उद्या डीसीसीचा डिकोडर (डिजिटल नियंत्रणाची चिप) घालायची हुक्की आली तर आधी तो ब्रश वेगळा करावा लागतो, नाहीतर डिकोडरची राख.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तुझी फळी पाच फुटांची. गुणिले ७६, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ३८० फूट. बीटॉकला भिडणाऱ्या शर्यतीच्या इंजिनाला ३८० फुटांत कोंडून काय करणार? निघालं म्हणेपर्यंत थांबायचं. आठवड्याभरात कंटाळशील.

पाच फुटांत रमायचं असेल तर शंटिंग, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून हव्या त्या क्रमानं लावणं. 'इंगलनुक' नावाची मांडणी शोध, अॅलन राइटची. दोन सांधे, तीन साइडिंग (बाजूचे बंद फाटे). लांब साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावल्या पाहिजेत, बाकीच्या दोन्हींत तीन-तीन, आणि दुसऱ्या टोकाला इंजिन अधिक तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमानं गाडी लावायची. क्रम ६७२० निघतात, त्यामुळे हिवाळा पुरतो. तुझ्या फळीवर बसतं का ते मोज: टेंडरवालं ०-६-० साधारण २० सेंमी, तीन छोट्या वाघिणी २७, पेकोचे लहान त्रिज्येचे दोन सांधे ३७, पाच वाघिणी ४५. बेरीज १२९. फळी १५२ सेंमीची आहे, म्हणजे बफर आणि थोडं गवत लावूनही श्वास घ्यायला जागा उरते.

आणि त्यासाठी इंजिन हवं सहाही चाकं जोडलेलं, मंद चालणारं. इथे माझं मत पक्षपाती आहे, टोपणनावावरून कळलंच असेल. माझं प्रेम नॉर्थ ब्रिटिश रेल्वेच्या जे-३६ वर्गाच्या इंजिनांवर. मॅथ्यू होम्सचं डिझाइन, १८८८ ते १९०० या काळात १६८ बांधली. त्यातली २५ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली आणि परत आल्यावर त्यांना सेनापतींची आणि लढायांची नावं मिळाली. 'मॉड' त्यातलंच, आता बोनेसला आहे. १९६७ च्या जूनमध्ये ब्रिटिश रेल्वेनं स्कॉटलंडमधली शेवटची वाफेची दोन इंजिनं काढून टाकली ती जे-३६ च होती, त्यातलं एक, ६५३४५, आमच्या थॉर्नटनचं. एक्स्प्रेसवाल्यांचे फोटो भिंतीवर लागले, कोळसा मात्र यांनी शेवटच्या दिवसापर्यंत ओढला. हॉर्नबीचं अलीकडचं ओओ मॉडेल फार छान चालतं: मुंगीच्या पावलानं वाघिणीला टेकतं, धक्का न देता.

पी४_किंवा_नाही

सगळं ठीक आहे, पण नवख्या माणसाला कोणी सांगत का नाही की ओओ मुळात चूक आहे? ४ मिमीच्या मापात ४ फूट साडेआठ इंच म्हणजे १८.८३ मिमी व्हायला हवेत. ओओचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ४ फूट दीड इंच! समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं दिसतं. पाच फुटांची फळी म्हणजे पी-४ साठी (अचूक १८.८३ मिमी गेजच्या मॉडेलसाठी) सोन्यासारखी संधी. दोनच सांधे हातानं बांधायचे आहेत.

थॉर्नटन_शेड

पी४ भाऊ, बरोबर आहे तुमचं, दरवेळी बरोबरच असतं. पण जिनं सोल्डरिंगची काडी हातात धरलेली नाही तिला पहिल्याच दिवशी चाकं बदलायला आणि सांधे बांधायला लावलंत तर फळीवर कुंड्या ठेवेल ती. चालवू दे आधी. समोरून बघू नकोस किन्नरी, बाजूनं बघ.

किन्नरी_पार्टिक

काका (म्हटलं तर चालेल ना?), पटतंय, पण मन निळ्यावरून हलत नाही हो. जे-३६ चे फोटो पाहिले. काळं आहे आणि त्यावर आणखी काजळी आहे. इंगलनुक मात्र फारच आवडलं, काल कागदावर चिठ्ठ्या टाकून खेळले आणि आमटी करपली. निळं आणि शंटिंग करणारं असं काही नाहीच का? आणि म्युझियममधलं ते पिवळं जोन्स गुड्स कसं?

झाळकाम

मी मध्ये येऊ का? काका फाइफचे, म्हणजे नॉर्थ ब्रिटिशच्या मुलखातले, असल्यानं निळ्याचं नाव काढणार नाहीत, म्हणून मी सांगते. 😄

कॅलेडोनियनचं ८१२ वर्गाचं ०-६-० बघ. मॅकिंटॉशचं डिझाइन. यातलं ८२८ नंबरचं इंजिन वाचलंय, १८९९ साली सेंट रोलॉक्सच्या कारखान्यात बांधलेलं, आता एविमोरला स्ट्रॅथस्पे रेल्वेवर. मालगाडीचं इंजिन निळं कसं, तर या वर्गातल्या सुरुवातीच्या इंजिनांना वेस्टिंगहाउस ब्रेक बसवले होते, क्लाइडच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या ओढण्यासाठी. प्रवासी गाडी ओढायची म्हणजे अंगावर प्रवासी रंग. ओओत तयार मॉडेल निघालेलं आहे, निळ्यातही. नवं संपलं असेल तर सेकंडहँडवर नजर ठेव. चाकं ५ फुटी, म्हणजे २० मिमी, सहाही जोडलेली. शंटिंगला झकास.

जोन्स गुड्स सुंदरच आहे. हायलँड रेल्वेचं १०३, १८९४ चं, ब्रिटनमधलं पहिलं ४-६-०. रॅपिडो या मॉडेल कंपनीनं ओओत हाती घेतलं तेव्हा मी आनंदानं ओरडले होते. त्याच्या धुराड्याकडे नीट बघ पुढच्या वेळी: धुराड्याला दुहेरी भिंत आहे आणि पुढच्या बाजूला आडव्या फटी आहेत, खिडकीच्या झडपेसारख्या. गाडी धावताना त्या फटींतून वारा आत शिरतो आणि वर येताना धूर उचलतो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यात जात नाही. डेव्हिड जोन्सची ही खूणच. पण पाच फुटांच्या फळीवर नको ते, लांब आहे. आणि म्युझियममधला पिवळा रंग १९५९ साली पुन्हा चालू करताना दिलेला. तो जोन्सच्या आधीच्या स्ट्राउडलीच्या काळचा. जोन्सच्या काळात ही इंजिनं हिरवी होती.

थॉर्नटन_शेड

झाळकाम ताईंनी माझं गुपित फोडलं. ८१२ चं नाव मी मुद्दामच घेतलं नव्हतं. पण हो, तुझ्यासाठी तेच योग्य.

एक मात्र सांगतो, आणि याबाबत मी हट्टी आहे. इंजिन ठरवण्याआधी वर्ष ठरव. या छंदातले निम्मे पैसे वर्ष न ठरवल्यामुळे वाया जातात. म्युझियममध्ये १२३ आणि १०३ शेजारी उभी दिसतात म्हणून ती तशी उभी असायची असं नाही. एक कॅलेडोनियनचं, दुसरं हायलँडचं, पर्थच्या आसपास गाठ पडली तर पडली. १९२३ ला सगळ्यांचं विलीनीकरण झालं: कॅलेडोनियन, हायलँड आणि ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न गेल्या एलएमएस या नव्या मोठ्या कंपनीत, नॉर्थ ब्रिटिश आणि ग्रेट नॉर्थ एलएनईआर या दुसऱ्या कंपनीत. तिथे निळा रंग संपला. १२३ चा नंबरसुद्धा १४०१० झाला आणि १९३५ मध्ये ते निवृत्त झालं, तोवर ब्रिटनमध्ये तसलं दुसरं सिंगल इंजिन धावत उरलं नव्हतं.

जपलेल्या इंजिनांचा आणखी एक घोळ असतो: रंग एका काळाचा, अंग दुसऱ्या काळाचं. आमचं 'मॉड'च घे. बांधलं १८९१ ला, पण पुढे या वर्गाला होम्सनंतरच्या रीडच्या काळात मोठे बॉयलर बसवले गेले. त्यामुळे आज नॉर्थ ब्रिटिशचा ६७३ नंबर लावून उभं असलं तरी १८९१ ला ते हुबेहूब असं दिसत नव्हतं. मॉडेलवाले जपलेल्या इंजिनाचीच मापं घेतात, कारण तेच हाताशी असतं. तेव्हा खोक्यावरचा रंग बघून काळ ठरवायचा नाही. धुराडं, बॉयलर आणि केबिन बघायची.

तुझ्यासाठी मी १९०५ धरीन. ८२८ सहा वर्षांचं, अजून चकचकीत. १२३ सुद्धा तेव्हा हयात, त्यामुळे पुढेमागे ते ट्राय-अँग घेतलंसच तर एका साइडिंगमध्ये उभं करून ठेवता येईल, कोणी नाव ठेवणार नाही. वाघिणी लाकडी, चारचाकी, कोळशाच्या. शेवटच्या काळातल्या लोखंडी १६ टनी वाघिणी स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नकोस, त्या चाळीस वर्षांनी यायच्या आहेत. आणि बफर बीमवर कॅलेडोनियनचा मार्गदर्शक लाव. त्यांच्याकडे गाडी कुठल्या मार्गाची आहे हे दाखवायला दोन पांढरे हात असलेली एक चकती असायची, हातांच्या कोनावरून सिग्नलवाल्याला मार्ग कळायचा. एवढीशी वस्तू, पण ती लावली की जाणकार माणूस तिथेच थबकतो.

किन्नरी_पार्टिक

१९०५ नक्की. ८२८ च्या मागावर आहे. पण काळी काजळी मारायची नाही ना निळ्यावर? आणि खरं सांगू, ट्राय-अँगवालं अजून डोक्यातून जात नाहीये. तपासताना काय बघू?

झाळकाम

निळ्यावर काजळी अगदी हलकी, तीसुद्धा वरून. १९०५ ला इंजिनं पुसायला पोरं ठेवलेली असायची, कॅलेडोनियनचे लोक तर रंगाच्या बाबतीत मिजासखोर. शुद्ध काळा कुठेच वापरू नको. हम्ब्रोलचा ३३ नंबरचा मॅट काळा आणि थोडा मातकट तपकिरी मिसळ, पातळ कर, धुराड्याच्या कडेला आणि केबिनच्या छपरावर ओढ, आणि ओला असतानाच कोरड्या रुंद ब्रशनं वरून खाली पुसून टाक. पुसताना जे रिव्हेटच्या कडांना उरतं तेवढंच हवं. चाकांच्या आऱ्यांवर तेलकट तपकिरी, आऱ्यांच्या मुळाशी जास्त. निळ्याच्या कडेच्या काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघा मात्र अजिबात झाकू नकोस, अर्धं देखणेपण त्यातच आहे.

सोल्डरिंग शिकायचंच असेल तर इंजिनावर नको, एखाद्या पितळी वाघिणीच्या किटवर शिक. पितळेला १४५ अंशांचं सोल्डर. व्हाइट मेटलचे (लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचे) तुकडे असले तर ७० अंशांचं आणि तापमान कमी-जास्त करता येणारी काडी. व्हाइट मेटलला गरम काडी लागली की डोळ्यांदेखत तुकड्याचं डबकं होतं. फ्लक्स (झाळ नीट धरायला लावायचा द्रव) लावला की खिडकी उघड, आणि काम झाल्यावर तुकडा लगेच धू. नाहीतर दोन दिवसांत हिरवं येतं आणि वर दिलेला रंग सोलून निघतो.

थॉर्नटन_शेड

ट्राय-अँग बघायला जाशील तेव्हा विक्रेत्याला रुळावर चालवून दाखवायला सांग. "चालायचं हो आधी" म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पड. दोन्ही दिशांना चालव. एकीकडे चाललं आणि दुसरीकडे अडखळलं तर गिअर झिजलाय. चालक चाक बोटानं हलवून बघ, ॲक्सलवर डुगडुगायला नको. इंजिन उलटं करून जोडदांडा मूळचा आहे की कुणी तार वाकवून बसवलीय ते पाहा. धुराडं, घुमटाकार झाकण, पुढच्या पायऱ्या, बफर, या चार जागी जुन्या प्लॅस्टिकला चिरा पडतात. रेघा बोटानं घासू नकोस, छापलेल्या आहेत, निघतात. खोक्याला निम्मी किंमत लावली असेल तर बिनखोक्याचं माग.

इंजिन घरी आलं की पहिलं काम चाकं पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कागदी रुमाल रुळावर पसर, अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून हळू करंट दे. काळी रेघ उठेल. रेघ येणं थांबेपर्यंत रुमाल सरकवत राहा. सँडपेपर अजिबात नको. चरे पडले की त्यात मळ दुप्पट बसतो.

१२३ ला दोन डब्यांपेक्षा जास्त लावू नकोस. आणि फळी भिंतीत ठोकण्याआधी घरमालकाला विचार.